चंदेरी रंगाखालची चीर

मित्रांनो, मोटारीचे चाक म्हटले की तुम्हाला काळा टायर दिसतो. त्या टायरच्या पोटात लोखंडाची गोल डिस्क असते. गाडीचा भार तीच पेलते, पण तिच्याकडे कोणी बघत नाही. मी तशीच एक जुनी डिस्क आहे. आज मी नाशिकला आग्रा रोडच्या कडेला एका दुकानामागच्या ढिगात पडले आहे. माझे मधले अंग फाटले आहे आणि कड चेपली आहे. हे माझ्यावर कोणी रागाने केलेले नाही. ते का केले, तेवढे ऐका.

कारखान्यात पोलादाच्या पत्र्यातून मला दाबून काढले, कड वळवली आणि मधोमध नटांची भोके पाडली. एका कंत्राटदाराच्या नव्या अँबॅसडरला मी पुढे डाव्या बाजूला बसले. पहिली काही वर्षे सुखाची गेली. म्हातारा ड्रायव्हर रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायचा. अशी सरळ डिस्क बघायला मिळत नाही, असे तो इतर ड्रायव्हरांना सांगायचा. तो गेल्यावर दुसरा आला. तो पान्यावर पाय देऊन, सगळे वजन टाकून नट आवळायचा. एकदा विंचूरच्या रस्त्यावर भरधाव जाताना मी एका खड्ड्यात इतक्या जोरात आदळले की एका नटाच्या भोकापाशी मला चीर गेली. केसाएवढीच होती. त्याने खाली उतरून टायर पाहिला, हवा आहे म्हणून समाधान मानले आणि गाडी पुढे काढली. माझ्याकडे पाहिले नाही.

पुढे ती गाडी मोडीत निघाली आणि मी गोटीरामच्या दुकानात आले. गोटीराम जुन्या गाड्यांचे सामान विकायचा. त्याने मला घासायला घेतले, तेव्हा त्याचे नख त्या चिरेवर अडकले. तो थांबला. मला उन्हाकडे धरून त्याने दोनदा पाहिले. मला वाटले, आता हा मला बाजूला टाकील. पण त्याने चिरेत लांबी भरली, म्हणजे रंगारी भोके बुजवायला वापरतात तो लगदा. ती वाळल्यावर मला चंदेरी रंग दिला आणि दारात सगळ्यात पुढे टांगले. ऊन पडले की मी चमकायची. येणारेजाणारे माझ्याकडे बघायचे आणि मला लपून बसावेसे वाटायचे.

हे रंगवणे १९७८ सालचे. त्या डिसेंबरात जयराम दुकानात आला. पस्तिशीचा, नाशिकरोडच्या वसाहतीत राहणारा. दुसऱ्याची टॅक्सी बरीच वर्षे चालवून त्याने नुकतीच एका डॉक्टरांकडून जुनी अँबॅसडर घेतली होती. तिच्या पुढच्या दोन्ही डिस्क वाकड्या होत्या, वेग घेतला की गाडी हेलकावे खायची. चार दिवसांनी त्याला बहिणीला, कमळाबाईला, सासरी सौंदाण्याला पोचवायचे होते. बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती आणि तिचे बाळ सव्वा महिन्याचे झाले होते.

जयराम निष्काळजी माणूस नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. त्याने दहाबारा डिस्क खाली उतरवून घेतल्या. प्रत्येक रस्त्यावर घरंगळत सोडून बघितली, कडेवरून बोट फिरवले. गंजलेल्या बाजूला केल्या. मी सरळ घरंगळले, कारण मी वाकडी नव्हतेच. त्याने मला आणि आणखी एकीला निवडले. गोटीराम म्हणाला, "निवांत घेऊन जा." हे बोलताना तो दुसरीकडे बघत होता.

खरे तर जयरामच्या वडिलांना, पुंजानानांना, डिस्क निवडायला बरोबर यायचे होते. ते मनमाडला रेल्वेत होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचे आणि आवाजावरून चाक धड आहे की फुटके ते ओळखायचे, हेच त्यांचे काम. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नव्हती. कमळाबाईच्या लग्नात आहेरातली भांडी त्यांनी मांडवातच ठोकून पाहिली होती आणि जयरामला सगळ्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. म्हणून तो त्यांना न सांगताच दुकानात आला. हे मला पुढे बापलेकांच्या बोलण्यातून कळले.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे जयराम आणि पुंजानाना, मागे कमळाबाई, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले बाळ. मी पुन्हा पुढे, डाव्या बाजूलाच. पिंपळगावपर्यंत काही वाटले नाही. वडाळीभोईच्या पुढे चिरेतली लांबी सुटली आणि तिचे कण गळू लागले. चांदवड येईपर्यंत चीर शेजारच्या भोकाकडे सरकली होती. एका फेऱ्यात एकदा मी वाजायला लागले. टक्. टक्. मला बोलता येत नाही, मित्रांनो. तेवढेच येत होते.

चांदवड सोडले आणि राहुडचा घाट सुरू झाला. मालेगावकडे जाताना तो उतरणीचा लागतो. समोरून कांद्याचे ट्रक चढत होते आणि मागे एक ट्रक लागला होता. नानांनी काच खाली केली आणि कान बाहेर धरला.

"जयराम, गाडी बाजूला घे."

टायरात खडा अडकला असेल, असे जयराम म्हणाला.

"खडा नाय तो. खडा रस्त्यावर वाजतो. हे लोखंड वाजतंय."

जयरामने वळणावर ब्रेक दाबला आणि चीर दुसऱ्या भोकाला जाऊन मिळाली. स्टिअरिंग त्याच्या हातात थरथरायला लागले. आता त्यालाही कळले. पण थांबणार कुठे? डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला ट्रक, आणि मागचा हॉर्न थांबत नव्हता. प्रत्येक वळणाला गाडीचा सगळा भार माझ्यावर येत होता आणि मी आतून फाटत होते. मी ज्या भोकांपाशी अजून धड होते, तिथे सगळा जीव गोळा करून धरून राहिले. मागून कमळाबाईने विचारले, काय झाले म्हणून. तिने बाळाला छातीशी घट्ट धरले.

"ब्रेकवर पाय नको," नाना हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्यात घाल. इंजिनावर उतरू दे. घाई नको करू."

जयरामने गिअर बदलला. इंजिन मोठ्याने ओरडू लागले, वेग पडला. मागच्या ट्रकवाल्याने शिव्या दिल्या. दोन वळणे गेली. तिसऱ्या वळणापुढे रस्त्याच्या कडेला खडी टाकलेली दिसली. जयरामने गाडी हळूच त्या ढिगात घातली. खडी खरखरली, गाडी रुतली आणि थांबली.

जयरामने इंजिन बंद केले. बाळ झोपलेलेच होते.

मग जॅक लावून त्यांनी मला खोलले. दोन भोके चिरेने जोडली गेली होती आणि तिसऱ्याला तोंड फुटत होते. चंदेरी रंगाचे पापुद्रे निघाले होते, आत लांबीचा पांढरा थर दिसत होता. जयरामने नखाने तो खरवडला आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. नाना त्याला बोल लावतील असे मला वाटले. त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खडीवर बसलेल्या कमळाबाईने एकदा माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. ते मला घाटातल्या कुठल्याही वळणापेक्षा जड गेले.

माझ्याबरोबर घेतलेली दुसरी नानांनी भोकांपाशी नीट तपासली, ती धड होती. स्टेपनीला जुनी वाकडी डिस्क होती. ती वाकडी होती, पण फुटलेली नव्हती. तिच्यावर अगदी सावकाश ते सौंदाण्याला पोचले. मी डिकीत होते.

तिसऱ्या दिवशी माझा टायर उतरवून बापलेक मला घेऊन गोटीरामच्या दुकानात गेले. या वेळी नानांनी आपली रेल्वेची हातोडी बरोबर घेतली होती आणि जयरामने ती स्वतः उचलून गाडीत ठेवली होती. गोटीरामने मला पाहिले आणि लगेच म्हणाला, ही चीर आपल्याला दिसलीच नव्हती. जयराम भांडला नाही.

"सव्वा महिन्याचं लेकरू होतं गाडीत," एवढेच तो म्हणाला.

गोटीराम म्हणाला, बदलून देतो, दुसरी घ्या, ही इथेच राहू द्या. नानांनी एकेक डिस्क दोरीला टांगून हातोडीने ठोकली. जयराम जवळ उभा राहून ऐकत होता. सातवी घंटेसारखी वाजली, खूप वेळ वाजत राहिली. ती त्यांनी घेतली. मला गोटीरामने उचलले आणि आत, रंगाच्या डब्याशेजारी ठेवले. डब्यावर ओला ब्रश आडवा होता. मित्रांनो, घाटात जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी मला त्या ब्रशाची वाटली. पुन्हा लांबी, पुन्हा रंग, पुन्हा कोणाचे तरी लेकरू.

जयराम गाडीत बसला होता. त्याने चावी फिरवली, मग बंद केली आणि उतरून परत आला.

"ती डिस्क द्या इकडं."

फोडली तर बदली मिळणार नाही, पुरते पैसे पडतील, असे गोटीरामने सांगितले. जयराम म्हणाला, पडू दे. कोपऱ्यातला घण उचलून त्याने मला फरशीवर ठेवले. पहिला घाव चिरेवर बसला, दुसऱ्याने मी मधोमध फाटले, तिसऱ्याने कड चेपली. आता मला कोणी कितीही रंगवले तरी मी कुठल्याही गाडीला बसणार नव्हते. मला वेदना झाल्या असे मी म्हणणार नाही. मला सुटल्यासारखे झाले.

जयरामने पैसे काढून पुढे केले. गोटीरामने ते घेतले नाहीत. तो दाराशी गेला आणि एक चंदेरी डिस्क घेऊन आला, दारात टांगलेली, माझ्यासारखीच चमकणारी. ती त्याने नानांपुढे ठेवली.

"हिला पण बघा, नाना," तो खाली बघत म्हणाला.

नानांनी हातोडी जयरामच्या हातात दिली. जयरामने ठोकली. आवाज उठला आणि तिथेच बसला.

"फुटकी हाय," जयराम म्हणाला. नानांनी मान हलवली.

गोटीरामने स्वतः घण उचलला.

मित्रांनो, जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही, मीही जुनीच होते आणि कितीतरी धड जुन्या डिस्क आजही रस्त्यावर इमानाने फिरत आहेत. घेताना ज्याला कळते त्याला बरोबर न्या, त्याची लाज वाटू देऊ नका. आणि विकणाऱ्यांनो, माझ्यासारखी चीर गेलेली एखादी तुमच्या हाती आली, तर तिला रंग देऊ नका. तिला फोडा. तिची तेवढीच काळजी घ्यायची असते.