बाळंतिणीच्या खोलीची झडप

मी झडप बोलतेय. आर्वीतल्या एका जुन्या मातीच्या घरात, मागच्या खोलीच्या खिडकीला मी होते. आता नाही. आता त्याच खिडकीखाली, अंगणात चार विटांवर आडवी पडले आहे.

माझा जन्म काही थाटाचा नव्हता. पुढच्या दारासाठी सागवान आणलं, त्यातली एक फळी उरली. सुताराने ती कापली, दोन बिजागऱ्या ठोकल्या, झाले मी तयार! झडपेचं काम ते काय? सकाळी उघडायचं, दिवेलागणीला मिटायचं. पण त्याचाही मला भारी तोरा होता.

घर बाबारावांचं. ते एसटीच्या डेपोत ड्रायव्हर. बायको आनंदाबाई, आणि दोन मुली, थोरली जयवंता, धाकटी सुलोचना. दोघींचा जन्म माझ्याच खोलीतला. घरातली बाळंतपणं तिथेच व्हायची.

१९७४ च्या पौषात जयवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आठव्या दिवशी गारपीट झाली आणि थंडीने कहर केला. बाबाराव पहाटेच अमरावतीची गाडी घेऊन गेले होते. आनंदाबाईंनी लेकीला तेल लावून न्हाऊ घातलं, कानाला फडकं बांधलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. मग माझ्याकडे आल्या. मला गच्च मिटलं आणि सगळ्या फटींत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले.

"माय, थोडीशी उघडी राहू दे ना," जयवंता म्हणाली. "जीव घुसमटून राह्यला."

"वारं लागन ना बाई. ओल्या बाळंतिणीच्या आंगातच शिरते ते. झोप आता."

दार लोटून त्या स्वयंपाकाला गेल्या. त्यांच्या आईने त्यांना असंच जपलं होतं, त्या लेकीला तसंच जपत होत्या.

दोन तासांनी त्या ताट घेऊन आल्या. जयवंता उठली नाही. कुशीतलं लेकरूही उठलं नाही. शेगडीतले निखारे अजून लाल होते. आनंदाबाईंनी दोन्ही हातांनी बोळे उपसले, मला सताड उघडलं आणि लेकीचं तोंड खिडकीकडे धरून बसून राहिल्या. मी तेव्हा पुरती उघडी होते हो! पण कुणासाठी?

संध्याकाळी बाबाराव खाकी कपड्यांतच धावत आले. त्यांना दिसलं ते एवढंच, की खिडकी उघडी आहे आणि गार वारा आत शिरतो आहे.

"खिडकी उघडी काऊन होती?" ते ओरडले. "वाऱ्यानं नेली माही पोरगी!"

 बोळे आनंदाबाईंनी पदराखाली धरले होते. ते फक्त मी पाहिले.

खोलीला कुलूप लागलं. पुढे तिच्यात जळणाच्या पऱ्हाट्या, फुटका रांजण, मोडकी खाट असं काहीबाही येऊन पडलं. भिंतीचे पोपडे गळाले, घुशींनी जमीन पोखरली. बाबाराव मागच्या अंगणातून जाताना माझ्याकडे बघून थुंकायचे. मला वाईट वाटायचं, पण झडपेने सांगायचं तरी कसं? आनंदाबाई त्या बाजूला फिरकतच नव्हत्या.

नऊ वर्षांनी ते कुलूप निघालं. सुलोचनाला सातवा लागला होता. बाळंतपण दवाखान्यात ठरलं, तरी पुढचा सव्वा महिना ती माहेरीच राहणार, आणि घरात दुसरी खोली नव्हती. नत्थूजी मिस्त्री आले. अडगळ निघाली, जमिनीवर शहाबादी फरशी बसली, भिंतींना गिलावा झाला. नव्या चुन्याचा वास आला तेव्हा मलाही हुरूप आला. मला वाटलं, आता आपल्यालाही रंग मिळणार.

"नत्थूजी, आता हे खिडकी बुजव," बाबाराव म्हणाले. "वाऱ्याले एक फट नाई राह्यली पायजे. एक पोरगी गेली माही."

नत्थूजींनी मसाला कालवला आणि चौकटीत पहिली वीट ठेवली. चहा घेऊन आलेल्या आनंदाबाई दारातच थबकल्या. ट्रे त्यांनी खाली ठेवला, पुढे झाल्या आणि ती ओली वीट उचलून छातीशी धरली.

"बुजवू नका," त्या म्हणाल्या. "वारं शिरलं नव्हतं हो. खिडकी बंद होती. मीच बोळे कोंबले होते. पोरगी म्हणे जीव घुसमटते, अन् मी आयकलं नाई. शेगडीनं गेली ते. मी मारली तिले."

नत्थूजी थापी ठेवून बाहेर गेले. बाबाराव सिमेंटच्या पोत्यावर बसले.

"नऊ वर्षं काऊन नाई सांगतलं?"

"तुमी म्हनले वारं लागलं. मी गप राह्यली. मंग बोलाची हिंमतच नाई झाली."

बराच वेळ दोघं नुसती रडत होती, एकमेकांकडे न बघता. मग बाबाराव उठले. त्यांनी पक्कड आणली, स्वतःच्या हाताने माझ्या बिजागऱ्या काढल्या आणि नत्थूजींना हाक मारली.

"खिडकी मोठी कर. झडप बसवू नको. नुसते गज लाव. कोनाले बंदच करता नाई आली पायजे."

मी खाली आले. खोटं कशाला बोलू, फार लागलं मनाला. पण त्यांचं बरोबर होतं. घरोघरच्या लेकीबाळींनो, तुमच्या खोलीला माझ्यासारखी झडप असेल तर तिला एवढं घट्ट मिटू देऊ नका, एवढंच माझं मागणं. मला परत कुणी बसवू नका.

सुलोचनाला मुलगी झाली. माझ्यावर आता तिची दुपटी वाळतात. काल आतून सुलोचनाचा आवाज आला, "माय, गार लागून राह्यलं, खिडकीले काही लाव ना."

आनंदाबाईंनी तिला आणखी एक गोधडी पांघरली. मग बाहेर आल्या, दुपटी बाजूला सारून माझ्यावर बसल्या आणि वरच्या गजांकडे पाहत हळूच म्हणाल्या, "उघडीच ठेवली वं, जयवंता."