सत्काराची फडकी

निवृत्ती सर नावाला जागून शाळेतून निवृत्त झाले आणि सत्काराला मोकळे झाले. इंदिरानगरात कुठे माईक लागला की सर पुढच्या रांगेत, आणि परतताना खांद्यावर काहीतरी असायचंच. शाली, उपरणी आणि पंच्यांनी लोखंडी कपाट भरलं. पत्नी सुमनबाईंच्या साड्या पलंगाखालच्या पेटीत गेल्या.

त्याच सुमारास सुमनबाईंनी स्वयंपाकघर सुधारायला घेतलं. कागदी रुमाल बंद, प्लास्टिकची घासणी बंद. भांड्यांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, ओट्याला लिंबाच्या साली मुरवलेलं पाणी. अडलं ते फडक्यांवर. सरांचे जुने बनियन पुरेनात. एका दुपारी सर कार्यक्रमाला गेलेले पाहून त्यांनी कात्री घेतली आणि कपाट उघडलं.

संध्याकाळी सरांना ओट्यावर ओळखीचा काठ दिसला.

"अगं, हा ज्येष्ठ नागरिक संघाचा पंचा आहे."

"म्हणून फक्त पाण्याला वापरते. तेलकटाला पतसंस्थेचा घेतलाय."

"आणि शाली?" सरांचा आवाज चिरकला.

"त्या आहेत तशाच. पाणी पुसतच नाहीत, नुसतं इकडचं तिकडं करतात. देणाऱ्यांसारख्याच."

जेवताना भाजीला मीठ कमी होतं, ते सरांनी स्वतःच उठून घेतलं.

रविवारी मल्हारी आप्पा आले. यंदा महापालिकेचं तिकीट मिळवायचंच, या तयारीत ते घरोघरी चहा पीत हिंडत होते. बोलता बोलता हात उडवला आणि कप टेबलावर लवंडला. सर उठायच्या आत सुमनबाई फडकं घेऊन आल्या. आप्पांनी सरांना घातलेलं उपरणंच ते. हळदीच्या डागांमधून आप्पांचं ठसठशीत नाव चहात बुडताना सरांनी पाहिलं.

आप्पांनी फडकं उचलून पिळलं, उलगडलं.

"वहिनी, हे रोज वापरता?"

"रोज. धुतलं की पुन्हा तयार."

"नाव काही गेलं नाही."

"शाई चांगली आहे तुमची."

आप्पा विचारात पडले. मग सरांकडे वळून म्हणाले, "सर, कपाटात मला कोण बघणार होतं?"

दसऱ्याच्या आत वॉर्डातल्या घराघरांत आप्पांच्या नावाची सुती फडकी वाटायचं ठरलं. 'प्लास्टिकमुक्त स्वयंपाकघर' असा फलकही लागला. वाटपाच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुण्या सुमनबाई. सर पुढच्या रांगेत होते, पण टाळ्या वाजवायला. त्यांनी बाईंना पर्यावरणावर छान भाषण लिहून दिलं होतं. बाईंनी माईक हातात घेतला, समोरचं एक फडकं चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "कापड बरं आहे. पण आधी दोनदा धुवा, रंग जाईल." बायका खो-खो हसल्या. आप्पाही हसले, थोडे उशिरा.

घरी जाताना सर म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर जरा मुद्देसूद बोललो असतो."

"म्हणूनच मला बोलावलं असेल," सुमनबाई म्हणाल्या.

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात चार-पाच बायका लिंबाच्या सालीचं विचारत बाईंभोवती जमल्या, आणि सर बाईंची पर्स धरून कडेला उभे राहिले.