पडद्यावर मेलेला कर्करोग

पडद्यावर कर्करोग मरत होता आणि भरलेलं सभागृह श्वास रोखून बघत होतं.

दिवे मालवलेले. मंचावर एक सूक्ष्मदर्शक, त्याला जोडलेला कॅमेरा, आणि मागच्या पडद्यावर निळसर उजेडात ताटाएवढ्या दिसणाऱ्या गोल पेशी. "हा तुमचा शत्रू," सेतूवाले सर हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी ड्रॉपरने काचपट्टीच्या कडेला आपल्या औषधाचा थेंब सोडला. पेशी फुगल्या, फिकट झाल्या आणि दिसेनाशा झाल्या. मिनिटभरात पडदा कोरा. शेजारी बसलेल्या ताईने माझा हात घट्ट धरला. ती रडत होती.

त्यांच्या निधीचं नाव 'सेतू', म्हणून ते सेतूवाले सर. "औषध तयार आहे," ते सांगत. "प्रयोगशाळेत पडून आहे. रुग्ण इकडे, औषध तिकडे, मधे दरी. कंपन्यांना ती बुजू द्यायची नाही, सरकारला वेळ नाही. मग कोण बुजवणार? तुम्ही." दर रविवारी लोक दरी बुजवायला रांग लावत आणि पुढच्या रविवारी ती तेवढीच रुंद निघे. सरांचा पांढरा कोट मात्र कडक इस्त्रीचा, एकही डाग नसलेला. मी सव्वीस वर्षं रुग्णालयाच्या रक्ततपासणीत काढली आहेत. आमच्याकडे असा कोट पहिल्या दिवशीच्या माणसाचा असतो, नाहीतर कामचुकाराचा.

निव्वळ देणगीचा मामला असता तर मी कदाचित गप्प बसले असते. पण देणगीदाराच्या घरातल्या रुग्णाला औषध आधी मिळणार होतं, आणि त्याला एक अट होती: केमो बंद. "विषाने भरलेल्या शरीरावर आमचं औषध चालत नाही," सर म्हणत. ताईच्या स्तनातली गाठ सहापैकी तीन केमोंनंतर निम्मी झाली होती. तिने देणगी भरली आणि चौथ्या केमोला ती गेलीच नाही.

मी तिच्या घरी गेले. ती शिवणाच्या मशीनवर वाकून बसली होती, डोक्याला रुमाल गुंडाळलेला.

"ताई, तारीख चुकवलीस तू."

"चुकवली नाही, सोडली. तुला उलट्या होत नाहीत ना, मग तू बोलू नकोस."

"गाठ कमी होतेय गं."

"आणि मीही कमी होतेय. तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ना पडद्यावर? का तेही खोटं?"

भावोजी दारात उभे होते. ते नुसते म्हणाले, "तिला रात्रभर झोप नसायची हो. आता निदान झोपते."

पण ताईच्या त्या प्रश्नाने मला पुन्हा पडद्यापाशी नेलं. मी खरंच काय पाहिलं होतं? त्या पेशी सगळ्या एका मापाच्या होत्या. प्रत्येकीच्या मध्यभागी थोडा खोलगटपणा. काही एकमेकींना चिकटून चकत्यांच्या चळतीसारख्या. कर्करोगाच्या पेशी इतक्या शिस्तीच्या नसतात. त्या वेड्यावाकड्या, लहानमोठ्या असतात. ज्या पेशी मी रोज सकाळी नऊपासून बघते, त्याच त्या होत्या, फक्त निळ्या उजेडात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवला, स्वतःचं बोट टोचलं आणि खात्री करून घेतली.

पुढच्या रविवारी थेंब टाकायच्या आधी सर नेहमीसारखं म्हणाले, "ज्याला शंका असेल त्याने वर यावं."

मी गेले. सभागृहातल्या कितीतरी जणांचं रक्त मी कधी ना कधी काढलेलं, त्यामुळे कुणी अडवलं नाही. मी पर्समधून सुया आणि कोऱ्या काचपट्ट्या काढल्या, बोट टोचून एकीवर रक्ताचा ठिपका घेतला, त्यावर पातळ काच ठेवली आणि सरांच्या काचपट्टीच्या जागी माझी सरकवली. पडद्यावर त्याच गोल पेशी आल्या.

"हे माझं रक्त," मी म्हणाले. "आता तुमचं औषध टाका."

त्यांनी टाकलं नाही. मग मीच ड्रॉपर घेतला. पेशी फुगल्या, फिकटल्या, गेल्या.

सरांनी कोऱ्या पडद्याकडे पाहिलं. मग मान हलवत, गळा दाटल्यासारखं करून म्हणाले, "सांगायला वाईट वाटतं, पण बाईंच्या रक्तात रोग लपलेला आहे. औषधाने तो शोधून काढला."

सभागृहात कुजबुज पसरली. खरं सांगते, मी घाबरले. रोगाला नव्हे. हा माणूस हेही पचवून जाईल, याला.

"मग तुमचं बोट द्या," मी म्हणाले.

सरांनी हात कोटाच्या खिशात घातला. ते सगळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या रांगेतून भावोजी उठले आणि सावकाश पायऱ्या चढून वर आले. "माझं घ्या," ते म्हणाले. दुसऱ्या सुईने मी त्यांचं रक्त नव्या काचपट्टीवर घेतलं, पण त्यावर औषध टाकलंच नाही. टेबलावर वक्त्यासाठी ठेवलेली पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली आणि तिच्यातला थेंब टाकला. पडदा पुन्हा कोरा झाला.

"रक्तातल्या या तांबड्या पेशी खारट पाण्यात राहतात," मी सांगितलं. "साधं पाणी लागलं की ते आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. म्हणून तर सलाईनमध्ये मीठ असतं. इथे कर्करोग नव्हता. औषधही बहुतेक नव्हतं. आणि खरोखरीचा कर्करोग असता तरी काचेवर तो व्हिनेगरनेही मरेल, साबणानेही मरेल. माणसाच्या आत गाठ मारायची आणि माणूस जगवायचा, तिथे खरं काम सुरू होतं."

काही लोक मागच्या खोलीत पैसे परत मागायला धावले. काहींनी मला कंपन्यांची दलाल म्हटलं. दोघीतिघी आजही माझ्याकडून रक्त काढून घेत नाहीत. मंगळवारी सेतूच्या कचेरीला कुलूप होतं. सर दुसऱ्या कुठल्यातरी शहरात दरी दाखवत असतील.

ताई दहा दिवस माझ्याशी बोलली नाही. अकराव्या दिवशी भावोजींबरोबर रुग्णालयात आली. डॉक्टर रागावल्या नाहीत, पण गाठ पुन्हा वाढली होती आणि औषध बदलावं लागलं. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "माझ्याकडची आशा काढून घेतलीस तू." मी म्हणाले, "हो." मग तिच्या शेजारी बसून राहिले. ती आज उपचार घेते आहे. डॉक्टर कसलंही वचन देत नाहीत.

तिला मिळणारं नवं औषधही कधीतरी काचेच्या बशीतच सुरू झालं होतं. तिथून प्राण्यांवर, मग मोजक्या रुग्णांवर, मग शेकड्यांनी रुग्णांवर तपासत ते इथवर आलं, आणि त्याच्याबरोबर निघालेली बहुतेक औषधं वाटेत नापास झाली. या वाटेला पैसा लागतो, खूप लागतो, आणि ज्याला जमेल त्याने तो जरूर द्यावा. सेतूवाल्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा मला हाच वाटतो, की त्यांच्यामुळे खऱ्या संशोधकांनाही लोक चोर समजू लागतात.

म्हणून देण्याआधी विचारा. चाचणीची नोंद कुठे आहे? रुग्णांच्या सुरक्षिततेवर कोण नजर ठेवतं? आजवर काय काय फसलं? खरा संशोधक शेवटच्या प्रश्नावर तासभर बोलेल. जो म्हणेल की आमचं काहीच फसलं नाही, त्याच्यासमोरून उठा, आणि उपचाराची तारीख चुकवू नका.