अन्नाचा हौद

चपला पुन्हा हौदाच्या काठावर होत्या. निळ्या पट्ट्याच्या, नऊ नंबरच्या, उजवीची टाच झिजलेली. तोंड हौदाकडे. प्लांट परत सुरू झाल्यापासून सलग अकरावा दिवस. मी वहीत वेळ लिहिली : सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

विकासच्या चपला. चैत्रात तो या हौदात अडकलेल्या पत्रावळी काढायला उतरला आणि वर आला नाही.

अनसिंगच्या रस्त्याला आमच्या गावाचा गॅस प्लांट आहे. संडासांतला मैला आणि पंगतीतलं उरलेलं अन्न बंद टाकीत कुजतं, त्यातून गॅस निघतो आणि शाळेची खिचडी त्यावर शिजते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, म्हणून देखरेख माझ्याकडे. मूळ आराखड्यात भरण्यासाठी एकच हौद होता. गावानं साफ नकार दिला. रोडग्यांच्या पंगतीतलं वरण मैल्यात टाकायचं? मग टाकीच्या दोन बाजूंना दोन हौद बांधले. टाकीत शेवटी सगळं एकच होतं, असं मी म्हणून पाहिलं. समितीचे अध्यक्ष शालिग्रामभाऊ हसले होते, "पोटात गेल्यावर कोन पाह्यते, मॅडम? ताटात येगळं पायजे."

'धोका. आत उतरू नये' ही पाटी मी मैल्याच्या हौदावर लावली. एकच पाटी. दुसऱ्या हौदाची भीती कोणालाच नव्हती. मलाही नव्हती.

दुपारी तीनच्या सुमाराला टाकी बुडबुडते. जादा गॅस पाण्यातून बाहेर सुटतो, त्याचा आवाज. उन्हानं टाकीचा घुमट तापतो, आतला गॅस फुगतो. मी तापमान मोजलंय, आकडे जुळतात. तरी तीन वाजले की मी त्या हौदाकडे पाठ करून बसत नाही.

त्या अकराव्या दिवशी सकाळीच शालिग्रामभाऊ विकासच्या मृत्यूच्या चौकशीचा कागद घेऊन आले. त्यात लिहिलं होतं : मजूर दारूच्या नशेत हौदात उतरला.

"सही करा. उद्या तालुक्याले पाठवाचा हाये."

"डॉक्टरांच्या कागदात दारूचं काहीच नाही, भाऊ."

"गेलेल्याले काय फरक पडते? प्लांट पुन्हा बंद पडला त गाव तुमाले हसन."

कागद टेबलावर ठेवून ते गेले.

अकरा वाजता गोजराबाई आल्या. विकासच्या आई. शाळेची खिचडी त्याच शिजवतात, याच गॅसवर. त्या चपलांशेजारी बसल्या.

"मावशी, चपला तुम्ही ठेवता?"

"मंग कोन, भूत?" त्या हसल्या, पण डोळे हौदावरच. "वर आला त लागतीन ना त्याले. ऊन का कमी हाये?"

ऊन अजिबात नव्हतं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

"पेला होता म्हनतेत गावात. तू शिकलेली हायेस, तूच सांग. पेलेला मानूस चपला काढून, जोडीनं ठेवून उतरते का? अन्नात पाय टाकाचा म्हनून काढल्या त्यानं. तिकडच्या हौदात उतरला असता त गमबूट घातले असते."

गमबूट खिळ्याला टांगलेले होते. मी तिकडे पाहिलं नाही.

"पन वास काहून नसन आला त्याले?"

"तीन दिवसांचं वरण झाकून राहिलं की त्यातून एक विषारी वायू निघतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो. वायू वाढला की नाकच मरतं. मग माणसाला वाटतं, हवा साफ आहे."

"हे तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग त्याले काहून नाई सांगतलं?"

टाकी बुडबुडली. एकदा, मग थांबून दोनदा. घुमटाला मी हात लावला. थंड होता.

"मलाही ते अन्नच वाटलं, मावशी," मी म्हणाले.

खिचडीची वेळ झाली तशा गोजराबाई उठून गेल्या.

संध्याकाळी पंचायतीत जमलेल्या गावासमोर मी कागद परत दिला. 'दारूच्या नशेत' हे शब्द खोडून खाली लिहिलं होतं : अन्नाच्या हौदातल्या वायूनं शुद्ध हरपली. तिथे पाटी नव्हती. पाट्या लावायचं काम माझं होतं.

"नोकरी जाईन तुमची," शालिग्रामभाऊ हळूच म्हणाले.

"जाऊ द्या. मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं नाही. मीच वाचलं. गोजराबाई दाराशी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, "म्हंजे पोरगं पेलं नव्हतं." गोजराबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी रंगवून घेऊन गेले. 'इथे वास येणार नाही. तरी उतरू नका.' चपला काठावरच होत्या. आज मात्र तोंड उलट्या बाजूला, गावाच्या रस्त्याकडे. चपला आणि रस्ता यांच्या मधल्या मातीत गोजराबाईंच्या अनवाणी पावलांचे ठसे होते.

वेळ लिहायला मी वही उघडली, आणि तशीच मिटली.