दोघींच्या गोळ्या

मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत द्वारका आणि मी समोरासमोर राहतो. पाळीही दोघींची एकाच वर्षी गेली, आणि बीपीही दोघींना. माझी आई बीपीनेच अर्धांगवायू होऊन अंथरुणाला खिळली होती. म्हणून खराडीच्या एका हॉस्पिटलात अभ्यासासाठी आमच्यासारख्या बायका हव्या आहेत असं कळल्यावर मी गेलेच, शिवाय द्वारकालाही ओढत नेलं. दुसऱ्याचं भलं करायची खोड, दुसरं काय!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी गेल्यावर रक्तवाहिन्या उन्हात पडलेल्या बागेच्या पाइपसारख्या कडक होत जातात. हार्मोनच्या गोळ्यांनी त्या मऊ राहतात का, ते बघायचंय."

काहींना खऱ्या गोळ्या, काहींना नुसत्याच दिसायला तशा. कोणाला कोणत्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझा नंबर सतरा, द्वारकाचा अठरा. गोळ्यांची अदलाबदल केली तर दोघीही अभ्यासातून बाहेर, हे त्यांनी चांगलं बजावलं होतं.

थोड्याच दिवसांत माझे घामाचे लोट थांबले. रात्रभर झोप लागायला लागली, बीपीही उतरलं. मी वेड्यासारखी द्वारकाला सांगत सुटले, "अगं, मला खऱ्याच आल्यात बघ!"

"नशीबवान आहेस," ती म्हणाली. तिची उशी तेव्हाही रोज घामाने ओली होत होती.

पुढच्या खेपेला गोळ्यांचे नवे डबे घेऊन आम्ही तिच्या स्कूटरवरून परतलो. मी चौकात भाजीला उतरले, डबे तिच्या डिकीत राहिले. संध्याकाळी तिने माझा डबा घरी आणून दिला, वर हसून चहाही पिऊन गेली. डब्यावर सतराच होतं.

त्यानंतर माझा घाम परत आला, झोप उडाली, बीपी चढलं. आईचं वाकडं झालेलं तोंड सारखं डोळ्यांसमोर यायला लागलं. मी रडले, तेव्हा द्वारकाच पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस गं."

तपासणीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे बसले होते, ओढणीने वारा घेत. ती म्हणाली, "पंखा जरा बारीक करू का? मला गारठतंय."

उन्हाळाभर माझ्या घरातला पंखा पाचवर ठेवायला लावणारी बाई! मी उठून घरी आले, डबा उघडला आणि आतली स्ट्रिप उलटी केली. मागच्या चंदेरी कागदावर अठरा छापलेलं होतं.

तशीच स्ट्रिप घेऊन मी तिच्या दारात गेले. तिने ती पाहिली आणि नजर खाली वळवली.

"तुला आधी मिळाल्या होत्या की," ती म्हणाली.

मी म्हणाले, "अगं, मागितल्या असत्यास तर माझ्यातल्या अर्ध्या दिल्या असत्या मी."

"अर्ध्यांनी माझी झोप झाली नसती," द्वारका म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आम्ही शेजारीशेजारी बसलो, रिक्षाने मात्र वेगवेगळ्या आलो होतो. माझ्या दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधता बांधता सिस्टरने दोघींना विचारलं, "गोळ्या आपापल्याच घेतल्या ना?"

"हो तर, अगदी वेळेवर," द्वारका म्हणाली.

पट्टे सोडून मी पर्स उघडली आणि स्ट्रिप उलटी करून सिस्टरच्या टेबलावर ठेवली. आता माझ्याही गोळ्या बंद होणार होत्या.