पान एक्केचाळीस

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि मला कुणी इतकं जपलं नसतं तर बरं झालं असतं.

अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या मोठ्या सरोवराच्या काठी, फिनलंडहून आलेल्या लोकांच्या एका गावात माझा जन्म झाला. लेम्पी कांगास या बाई तिथल्या शाळेत स्वयंपाक करायच्या. त्यांनी तीस वर्षं रान तुडवून मला लिहिलं. चित्रंही त्यांचीच. एकाही प्रकाशकानं दाद दिली नाही, तेव्हा पदरचे पैसे घालून त्यांनी माझ्या दोनशे प्रती छापून घेतल्या. ‘आमच्या रानातली अळंबी’ हे माझं नाव. चर्चच्या तळघरातल्या विक्रीत आम्ही दोन शनिवारांत संपलो. लेम्पीबाई त्या दिवसांत रस्त्यानं जरा ताठ मानेनं चालायच्या.

मला हिल्मा रुओना यांनी घेतलं. माझं एक्केचाळिसावं पान त्यांचं फार लाडकं होतं. पाइनच्या कुजक्या ओंडक्यांवर शरदात उगवणारी पांढरी, नाजूक अळंबी म्हणजे ‘परीचे पंख’. लोण्यात परतायची, वरून साय घालायची. ‘निर्धास्त खा,’ असं लेम्पीबाईंनी लिहिलं होतं, आणि तेव्हा सगळे तसंच मानत. हिल्माबाई जेव्हा जेव्हा ती करत, तेव्हा समासात पेन्सिलीनं तारीख टाकत. ‘फारच छान.’ ‘लोणी दुप्पट.’ माझा कणा त्याच पानावर मोडला. मला टेबलावर ठेवलं की मी आपोआप तिथंच उघडायचो. घरात सगळ्यांना त्याचं हसू यायचं.

मग एका ऑक्टोबरात हिल्माबाई गेल्या. आधी हात थरथरले, मग माणसं ओळखेनाशा झाल्या. त्यांच्या किडन्या तरुणपणापासून नाजूक होत्या, पण मेंदूला काय झालं ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. त्यांची मुलगी इर्या हिनं मला आईची आठवण म्हणून फडताळात ठेवलं. दर रविवारी ती माझ्यावरची धूळ पुसायची.

तीन वर्षं गेली. एका सकाळी, फडताळात मिटलेला असताना, मला एक्केचाळिसाव्या पानावर काहीतरी टोचलं. जणू कुणी पेन्सिल जोरात दाबून रेघ ओढत होतं. पानावर मात्र काहीच उमटलं नाही.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आम्हा दोनशे प्रतींचा जीव एकच आहे. लेम्पीबाई तेव्हा दहा मैलांवर, आपल्या घरी, नवी आवृत्ती तयार करत बसल्या होत्या. कुणाच्या रानातली वाट बंद झाली होती, कुठला ओढा आटला होता. ते सगळं त्या लाल पेन्सिलीनं सुधारत होत्या. त्यातच नुकतीच त्यांना बातमी कळली होती, की जपानात हीच अळंबी खाऊन माणसं दगावली. बहुतेकांच्या किडन्या आधीच बिघडलेल्या होत्या. विष मेंदूत गेलं होतं.

लेम्पीबाईंनी ते अख्खं पान खोडलं. नवी आवृत्ती छापली आणि जुन्या गिऱ्हाइकांची यादी घेऊन दारोदार फिरल्या. नवी प्रत फुकट द्यायच्या, जुनी परत घ्यायच्या. परत आलेल्या प्रती त्या सौनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीत घालायच्या. मित्रांनो, बंद फडताळात दर शनिवारी माझी पानं तापायची. एकेक भावंड जळताना मला कळत होतं. मी वाट बघत होतो की माझी पाळी कधी येते. पण हिल्मा गेल्यावर तिची प्रत कोण ठेवणार, असं समजून लेम्पीबाईंनी यादीतलं ते नाव खोडून टाकलं होतं.

त्या सप्टेंबरात हिल्माबाईंचे यजमान वाइनो सत्तरीचे झाले. त्यांच्याही किडन्या आता गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ते डायलिसिसला जात. वाढदिवसाला काय करू असं इर्यानं विचारलं, तर म्हणाले, “तुझ्या आईची अळंबी.” इर्या टोपली भरून घेऊन आली. मला टेबलावर ठेवलं. मी उघडायचं नाही म्हणून सगळा जीव एकवटला, पण मोडक्या कण्यापुढे माझं काय चालणार! मी उघडलोच.

अळंबी लोण्यात परतली जात होती, तेवढ्यात लेम्पीबाई धापा टाकत आत आल्या. वाइनोंनी सकाळी पोस्टात जेवणाची बढाई मारली होती, ती त्यांच्या कानावर गेली होती.

“काय मावशी, वासावर आलीस वाटतं?” इर्या हसली. “बस, कॉफी टाकते.”

“आधी तो तवा उतरव. बाबांनी खाल्लं का?”

“अजून वाढलंय कुठं? काय झालं एवढं?”

लेम्पीबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. इर्याला पटेना. “अगं, आम्ही कितीतरी वर्षं खातोय. हे बघ, आईच्या हातच्या तारखा.” तिनं मला त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

लेम्पीबाईंचं बोट तारखांवरून खाली गेलं आणि शेवटच्या तारखेवर थांबलं. एकोणतीस सप्टेंबर. त्यांचे ओठ हलले. त्या दिवस मोजत होत्या.

“काय लेम्पी, छपाईची चूक सापडली का?” वाइनोंनी खुर्चीतून चिडवलं.

“नाही रे. माझीच.”

इर्या त्या बोटाकडे बघत होती. “आई वीस ऑक्टोबरला गेली,” ती हळूच म्हणाली.

वाइनो म्हणाले, “त्या दिवशी मला ताप होता. मी नुसतं सूप प्यायलो. माझ्या वाटचंही तिनंच खाल्लं.”

लेम्पीबाईंनी पान फाडायला हात घातला. इर्यानं त्यांचं मनगट धरलं.

“फाडू नकोस. तिचं अक्षर आहे.”

“मग मी काय करू, पोरी? तूच सांग.”

“लिही. तिच्या अक्षराखाली लिही.”

लेम्पीबाईंनी लिहिलं, ‘हे खाऊ नका. मी चुकले.’ खाली सही केली. त्यांनी पेन्सिल इतकी दाबली की टोक कागदातून आरपार गेलं. मला दुखलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

मित्रांनो, माझी त्रेसष्ट भावंडं अजून सापडलेली नाहीत. कुणाच्या तरी घरी ती नीट पुसून ठेवलेली असतील. तुमच्याकडे असलं तर त्याला नुसतं जपू नका. पेन्सिल घ्या आणि त्या पानावर खरं काय ते लिहा. आम्हाला स्वतःला खोडता येत नाही. आणि जरा लवकर करा, कारण आत्ता कुठंतरी कुणीतरी ते पान उघडलंय. मला लोण्याचा वास येतोय.