तळघर की माळा

आमच्या राजाजीनगरच्या घराला तळघर आहे, हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. आमचे हे सांगतातच. चंद्रकांतांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात इंजिनांचं तापमान मोजण्यात गेली. घर बांधायला काढलं तेव्हा साइट निघाली उताराची, पुढून रस्त्याला लागून आणि मागून खोल. दुसऱ्या कुणी तिथे मातीची भर टाकली असती. यांनी खोली काढली. मागच्या अंगणाकडे तिला दार-खिडकी ठेवली, पाणी शिरू नये म्हणून बाजूने चर खणून त्यात खडी भरली, आणि स्वयंपाकघरातून आत उतरायला जिना केला. आल्या-गेल्याला तिथला गारवा दाखवायचा हा यांचा आवडता उद्योग आहे.

मी त्याला भुयार म्हणते. लोणच्याच्या बरण्या ठेवायला उतरते, तेवढंच. जमिनीखाली राहायला मी काय उंदीर आहे? म्हणून मीही हट्टाने वर कौलारू छपराखाली माळा करून घेतला. लाकडी जमीन, दोन काचेची कौलं, भरपूर उजेड. हे त्याला भट्टी म्हणतात. मधल्या मजल्यावर हॉल, स्वयंपाकघर आणि आमची झोपायची खोली. घर एवढंच.

मार्चमध्ये आमच्या मुलाचा, आशयचा फोन आला. एचएसआर लेआउटमधला त्यांचा फ्लॅट मालकाला परत हवा होता.

"देवश्री म्हणतेय, तुमच्याकडेच शिफ्ट होऊ या का," तो म्हणाला. "पण आई, तिचे दिवसभर कॉल्स असतात. दार लावून बसता येईल अशी एक रूम हवी. नाहीतर सरजापूरच्या पुढे एक फ्लॅट बघितलाय."

सरजापूरच्या पुढे म्हणजे इथून शहराचं दुसरं टोक. तिथे गेलेलं माणूस सणावारालाच दिसणार. मला ती दोघं घरात हवी होती. आशयचं लग्न होऊन तो गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांना त्याच त्या गोष्टी सांगतो, आणि ऐकणारा वाक्य संपायच्या आधीच 'हो' म्हणतो. त्या फोननंतर मी दोन रात्री नीट झोपले नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी ती दोघं खोली बघायला येणार होती. मग काय, आमची चढाओढ लागली. यांनी तळघराला चुना दिला, बरण्या कोपऱ्यात रचल्या, टेबल उतरवलं. मी माळ्यावरची मोठी पातेली आणि गौरीचं सामान हलवलं, नवे पडदे लावले. मी खाली डोकावले नाही की हे वर चढले नाहीत. दोघांनाही वाटत होतं की आपलीच खोली सुनेला पसंत पडणार.

रविवारी भर दुपारी मी देवश्रीला आधी माळ्यावर नेलं. "वाव, किती लाइट आहे," ती म्हणाली, आणि ओढणीने कपाळ पुसलं. पुन्हा पुसलं. एकेकाळी या गावात घरात पंखा नसला तरी चालायचं. आता एप्रिलमध्ये कौलं अशी तापतात की माझाच जीव घाबरला. मुकाट्याने खाली आले.

"सरी, आता माझ्याबरोबर चला," असं इथल्या कानडी 'बरं'ने सुरू करून हे सगळ्यांना तळघरात घेऊन गेले. देवश्रीचा चेहरा खुलला. तेवढ्यात तिने फोन वर धरला, खिडकीपाशी धरला, जिन्यावर जाऊन धरला. रेंजचा पत्ता नव्हता. वायफायही त्या जाड स्लॅबमधून झिरपेना.

"वायर ओढून घेऊ," हे म्हणाले.

"वायफायचं होईल बाबा, पण क्लायंट फोनवरच कॉल करतात," ती हळूच म्हणाली. पुण्याकडची मुलगी, नकारसुद्धा गोड शब्दांत देणार. तो येतोय हे मला कळलं.

पानं घेईपर्यंत तिचा फोन वाजला. "आई, पाच मिनिटं तुमच्या खोलीत बसू?" असं विचारून ती आत गेली. बराच वेळ झाला म्हणून मी दार ढकललं. ती आमच्या पलंगावर मांडी घालून बसली होती, लॅपटॉप माझ्या उशीवर. खिडकीतून करंजाची सावली आत आली होती. कानात वायर, चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. मला बघून चोरी पकडल्यासारखी उठली.

मी दार लोटून घेतलं आणि तशीच उभी राहिले. दोघांनी मिळून अख्खं घर उपसलं होतं, फक्त आपली खोली सोडून. ती द्यायची असते हे मला सुचलंच नव्हतं, आणि यांनाही नाही. राग आला तो स्वतःचाच.

जेवताना देवश्रीने सुरुवात केली, "आई, दोन्ही रूम्स खरंच छान आहेत, पण..."

"तुम्ही आमच्या खोलीत राहायचं," मी म्हटलं. "आम्ही खाली जातो."

यांचा घास हातातच राहिला. "खाली? तू?"

"आई, तू तर त्याला भुयार म्हणतेस," आशय म्हणाला.

"भुयारच आहे ते. मला तिथे राहायचंय."

"पण आई, जिना? तुमचे गुडघे..." देवश्री कावरीबावरी झाली.

"मागचं दार अंगणात सपाट उघडतं. आणि आम्हाला कोण क्लायंट फोन करणार आहे?"

यांनी माझ्या वाटीत भाताबरोबर घ्यायचं सार वाढलं, न विचारता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मे महिन्यात ती दोघं सामान घेऊन आली. पहिल्या दुपारी मी खालच्या पलंगावर आडवी झाले तेव्हा झोप लागेल असं वाटत नव्हतं. गारवा होता, ते कबूल करते. डोक्यावर पावलं वाजत होती. पलंगापासून टेबलापर्यंत, टेबलापासून दारापर्यंत. देवश्री कुणाशीतरी इंग्रजीत हसून बोलत होती, शब्द कळत नव्हते. मध्येच आशय काहीतरी पाडून बसला. शेजारी हेही डोळे उघडे ठेवून वर बघत पडले होते. आम्ही एकमेकांशी बोललो नाही, कारण मग वरचं ऐकू आलं नसतं.

त्या आवाजातच कधीतरी माझा डोळा लागला. जाग आली ती जिन्यावरून आलेल्या हाकेने.

"आई, उठलात का? चहा टाकू चौघांचा?"

मला एकदम रडूच आलं. ते आवरून मी उठून बसले.

"टाक," मी म्हटलं. "आलं घाल थोडं."